अंगात, अंगावर, अंगाशी

गेल्या महिन्यात आठवीच्या पालकसभेत एका कागदावरून भांडण झालं. इंग्रजीच्या सरांनी वाटलेला कागद होता. तीनशे फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला अप, ओव्हर असा बारका शब्द लागून झालेल्या जोड्या, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे एकेक मराठी शब्द, दर शनिवारी पंचवीस पाठ करून यायचे. एकट्या 'गेट'चीच बावीस रूपं. गेट अप म्हणजे उठणे, गेट ओव्हर म्हणजे सावरणे, गेट अवे विथ म्हणजे निसटणे. मागच्या बाकावरचे एक काका उठले आणि म्हणाले, ही काय भाषा झाली? एका शब्दाला बावीस अर्थ, ना शेंडा ना बुडखा. आपल्या मराठीत कसं, शब्द म्हटला की अर्थ ठरलेला. त्यावर पुढच्या रांगेतल्या एका ताईंचं म्हणणं पडलं की दोष भाषेचा नाही, घराचा आहे. पोरं घरी मराठी बोलतात म्हणून इंग्रजी डोक्यात शिरत नाही, घरातलं मराठी बंद करा, आपोआप येईल. मग अर्धा तास इंग्रजी थोर की मराठी थोर यावर खल झाला, आणि मूळ कागद कुणाच्या तरी चहाच्या कपाखाली भिजत पडला.

मला दोघांचंही पटलं नाही. दोघांनीही शब्दाला एकच अर्थ असायला हवा असं मनात धरलेलं. काकांना इंग्रजीत तो सापडत नाही म्हणून इंग्रजी वेडी, ताईंना पोरांकडून तो पाठ होत नाही म्हणून मराठी आडवी येते. माझं म्हणणं उलट आहे. इंग्रजीची ही चिमुकली क्रियापदं आपल्या चिमुकल्या क्रियापदांसारखीच वागतात, आणि ज्या पोराला मराठी चांगलं येतं त्याच्या हातात ती उकलायचं हत्यार आधीच आहे. आपण ते काढून घेतो आणि बदल्यात यादी देतो. मी काही भाषेची प्राध्यापक नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, अठरा वर्षं परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार बघते. या क्रियापदांनी मला पोसलंय आणि एकदा चांगलं तोंडघशीही पाडलंय. ते पुढे येईलच.

काकांची तक्रार खोटी नाही. त्यांना वाटते त्याहून ती मोठीच आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली. तीत सगळ्यांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती, अर्थ ४३०. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. आणि हीच कुरकुर काकांच्या कितीतरी आधी एका इंग्रजाने केलेली आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला कोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत तो गेट, गिव्ह, पुट, सेट, रन, टेक अशी एकेकाची नावं घेऊन सांगतो की यांचे अर्थ इतके सैल आहेत की कोशकाराच्या चिमटीत सापडत नाहीत, आणि यांच्या मागे एखादा बारका शब्द लागून अर्थ पालटतो तिथे परक्या माणसाची सगळ्यांत जास्त फजिती होते. गंमत म्हणजे ज्या 'गेट' आणि 'टेक'वाचून इंग्रजाचं पान हलत नाही ते दोन्ही शब्द मुळात त्याचे नव्हेतच. समुद्रापलीकडून, स्कँडिनेव्हियातून आलेल्या नॉर्स लोकांचे आहेत. 'टेक' घरात शिरला आणि त्याच कामाचा घरचा जुना शब्द पार पुसून गेला.

पण मराठीत अर्थ ठरलेला असतो, हे काकांना कुणी सांगितलं? माझीच एक सकाळ सांगते. पहाटे कुठे डोळा लागला, म्हणून उठायला वेळ लागला. पाणी गार लागलं. भूक लागली होती, पण स्टँडवर गाडी लागलेली दिसली म्हणून पळाले आणि पायरीची ठेच लागली. शेजारच्या बाईला गाडी लागत होती, तिला खिडकी दिली. बोलता बोलता कळलं की ती माझ्या नणंदेची जाऊ लागते. तिच्या थोरल्याला नोकरी लागलीय, लग्न तेवढं लागायचंय. इतक्यात घरून फोन लागला, निकाल लागला म्हणून, आणि पुढच्या वर्षी क्लासला किती पैसे लागतील ते ऐकून मला घाम फुटायला लागला. एवढी सकाळ एका क्रियापदावर निघाली आणि वाचताना तुम्ही कुठे अडला नसाल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, म्हणजे १८३१ साली निघालेल्या आणि १८५७ साली वाढवून छापलेल्या, 'लागणें'ची नोंद काढून बघा. काका आज गेटपुढे बसलेत तसाच तो साहेब लागणेपुढे बसला होता. फरक इतकाच की तो पाठ करायला बसला नव्हता, लोक शब्द कसा वापरतात ते टिपायला बसला होता.

आता इथे एक खरा आक्षेप आहे. सभेत तो कुणी घेतला नाही, म्हणून मीच घेते. लागणेचा अर्थ शेजारचं नाम सांगतं. भूक, निकाल, नोकरी, प्रत्येकाला वजन आहे, चित्र आहे. गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय यांत शेजारी काय आहे? अप, ओव्हर, बाय. चिल्लर. भूक डोळ्यांपुढे उभी राहते, 'अप' उभा राहत नाही. तेव्हा ही तुलना लंगडी आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला एक घोट पाणी आणि खुर्ची द्यायला हवी, कारण तो नीट विचार करतोय.

पण मग अंग आणि येणे ही जोडी घ्या. जोतिबाच्या यात्रेत कुणाच्या अंगात येतं. मार्चअखेरीला काम अंगावर येतं. नको तिथे केलेला शहाणपणा अंगाशी येतो. नाम तेच, क्रियापद तेच, बदललं ते त, वर आणि शी. या तीन चिमट्यांनी देव, डोंगर आणि पस्तावा असे तीन निराळे अर्थ उचलून आणले. नीट बघितलं तर हे अंधारातलं काम नाही. 'त' म्हणजे आत शिरलं. 'वर' म्हणजे बाहेरून चाल करून आलं. 'शी' म्हणजे येऊन भिडलं, आता झटकता येत नाही. क्रियापद बदला, दुखणं अंगावर काढतात, कर्ज अंगावर घेतात, आजोळचं दूध अंगाला लागतं. इंग्रजीचे अप, ऑफ, आउट, ओव्हर हे याच जातीचे मजूर आहेत. आपण त्यांना शब्दाच्या शेपटीला चिकटवतो, ते सुटे उभे करतात.

संस्कृत शिकलेल्यांना तर हे सांगायचीही गरज नसावी. हृ हा एक धातू, त्याच्यापुढे उपसर्ग बदलत गेले की प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. उपसर्ग धात्वर्थाला जबरदस्तीने दुसरीकडेच ओढून नेतो, असा श्लोकच आहे आणि उदाहरणंही त्याच श्लोकात हीच आहेत. मारणं, जेवणं, नाश करणं, हिंडणं आणि टाळणं एकाच धातूतून निघतं तेव्हा आपण त्याला भाषेचं वैभव म्हणतो. तेच इंग्रजीने पुट ऑफ (लांबणीवर टाकणं), पुट आउट (विझवणं), पुट अप (उभारणं) असं केलं की बेशिस्त? वेदांच्या भाषेत तर उपसर्ग क्रियापदापासून सुटून वाक्यात लांब जाऊन बसायचा. टर्न द लाइट ऑफ या वाक्यातला 'ऑफ' तसाच लांब जाऊन बसलाय. इंग्रजीतही एके काळी हे शब्द क्रियापदाच्या पुढे जोडलेले असत. अंडरस्टँड, ओव्हरकम ही त्यातली उरलेली जुनी घरं, बाकीचे बरेचसे मागच्या दाराने गेले.

त्याहून जवळचं नातं मात्र आपल्या जोडक्रियापदांचं आहे आणि ते वर्गात कुणी दाखवत नाही याचं मला राहून राहून नवल वाटतं. ईट म्हणजे खा. ईट अप म्हणजे? खाऊन टाक. यूज अप, वापरून टाक. फिनिश अप, संपवून टाक. 'अप' म्हणजे वर एवढंच शिकलेलं पोर इथे अडतं, खाताना वर कुठे जायचं? पण मराठीत खाऊन 'टाकताना' तरी आपण काय कुठे टाकतो? तो 'टाक' फक्त सांगतो की काम पुरं कर, शिल्लक ठेवू नकोस. 'अप' नेमकं तेच सांगतो. फाइंड आउटमधला आउट हा शोधून काढमधला काढ आहे. आणि बारकावा म्हणाल तर मराठी एक पाऊल पुढेच आहे. मी बोलून टाकलं, बोलून घेतलं, बोलून पाहिलं, बोलून दाखवलं, बोलून बसले. शेवटच्यातला पश्चात्ताप ज्याला ऐकू येत नाही त्याला मराठी येत नाही. हे पाच फरक आपल्या पोरांना पाचव्या वर्षी कळतात, कुठल्याही शनिवारी चाचणी न देता.

ताईंच्या म्हणण्यातही दम आहे, तो नाकारून चालणार नाही. ही रूपं कानावर पडूनच येतात. लंडनमध्ये वाढणाऱ्या पोराला कुणी यादी देत नाही. पण घरात मराठी बंद केलं म्हणून राजारामपुरीत लंडन उगवतं का? मराठी बंद केलेल्या घरांत मी बसलेय. तिथे ऐकू येतं ते असं: 'बेटा, शूज रिमूव्ह कर', 'हँड वॉश कर', 'मिल्क फिनिश कर'. म्हणजे एक वजनदार इंग्रजी क्रियापद आणि मागे आपलाच 'कर'. 'टेक ऑफ कर' असं कुणी म्हणत नाही, म्हणवतच नाही. ही चिमुकली क्रियापदं या भेसळीत शिरतच नाहीत, शिरतात ती घट्ट गोठून नाम झाल्यावर, जसं की लॉगिन, चेकआउट आणि 'गाडीला पिकअप नाही' मधला पिकअप. तेव्हा अशा घरातल्या पोराला ना टेक ऑफ ऐकायला मिळतं, ना 'पायातलं काढून ठेव'. दोन्हीकडून उपाशी.

भाषेची भांडणं नेहमी नामांवर होतात, ही जुनीच खोड आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणारे माधवराव पटवर्धन, कवी माधव जूलियन, यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश दिला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. त्या चळवळीत वाद कशावर झाला? कुठला फारसी किंवा इंग्रजी शब्द ठेवायचा, कुठला काढायचा यावर. लागणे, बसणे, काढणे, टाकणे यांच्या केसाला कुणी धक्का लावला नाही, कारण ते कुणाच्या डोळ्यांत भरतच नाहीत. इंग्लंडात १०६६ साली फ्रान्समधून नॉर्मन आले, दरबारात आणि कोर्टात फ्रेंच बसली, हजारो भारदस्त शब्द इंग्रजीत उतरले. चुलीपाशी मात्र गेट, पुट, गो, कम तसेच राहिले. आज आपल्या पोरांना टॉलरेट, पोस्टपोन, इन्व्हेस्टिगेट सहज येतात, कारण ते कचेरीचे शब्द आहेत, एकाला एक. पुट अप विथ, म्हणजे सोसणे, येत नाही, कारण तो चुलीपासचा आहे. आपल्याकडेही 'कार्यवाही करण्यात यावी' परक्याला कोशातून कळेल, 'कामाला लागा' कळायला त्याला घरात यावं लागेल.

मग क्रियापदंच कमी केली तर? हाही प्रयोग होऊन गेलाय. सी. के. ऑग्डेन या इंग्रज भाषातज्ज्ञाने १९३० साली ८५० शब्दांची बेसिक इंग्लिश काढली आणि तीत क्रियापदं ठेवली फक्त १८. एंटर नको, गो इन म्हणा. चर्चिलनेही १९४३ साली तिची तरफदारी केली. झालं काय, तर शब्द घटले आणि जोड्या वाढल्या. गेट, पुट, टेक यांच्या पाठीवर सगळ्या भाषेचं ओझं आलं आणि परक्याची अडचण जिथे होती तिथेच राहिली. मोजदाद करून भाषा सोपी होत नाही, याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

आता माझी फजिती. आमच्या इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकाला पंपाची केसिंग जायची होती. पहिला लॉट पोचला आणि मेल आली, प्लीज होल्ड ऑफ ऑन द सेकंड लॉट. आमच्या शॉपमध्ये 'होल्ड' पक्का रुजलेला शब्द, तपासणीत अडकलेला माल होल्डवर असतो, त्याला लाल टॅग लागतो. आणि 'ऑफ' म्हणजे बंद, हे तर भिंतीवरच्या प्रत्येक बटणावर लिहिलंय. होल्ड ऑफ, म्हणजे होल्ड उठला! मी आनंदाने खाली कळवलं, रात्रीतून पेट्या ठोकल्या, सकाळी ट्रक मुंबईच्या वाटेला लागला. दुपारी मेल पुन्हा वाचताना 'ऑन'पाशी अडखळले. दुसरा लॉट तूर्त पाठवू नका, असं गिऱ्हाईक म्हणत होतं. ट्रक कराडच्या पुढे गेला होता, फोन करून माघारी आणला. भाडं दुप्पट बसलं आणि मालक चार दिवस माझ्याशी तोडून बोलले.

कुणी म्हणेल, बघा, देशी डोक्याने इंग्रजी लावलं की हे असं होतं. हा आक्षेप मी मनाला लावून घेतला आहे, कारण 'फोन लावला'चं शब्दशः इंग्रजी करणारी माणसं मी पाहिलीत. पण त्या दिवशी मला मराठीने फसवलं नाही. फसवलं ते 'ऑफ म्हणजे बंद' या एकाला एक हिशेबाने, म्हणजे त्याच यादीच्या डोक्याने. क्षणभर मराठीत विचार केला असता तर? गाडी लागली ऐकलं की आपण आधी बघतो गाडी स्टँडला लागली की बाईला लागली. होल्डला 'धरणे' मानलं आणि ऑफला 'अंतरावर, बाजूला', तर हात आखडता धर, एवढं तरी सुचलंच असतं.

आमच्याकडचे एक मिस्त्री सातवी शिकलेत. साच्याच्या दोन पेट्यांच्या फटीतून वितळलेलं लोखंड बाहेर निसटलं की ते ओरडतात, रनआउट झाला. लोखंड साचा भरायच्या आधीच गोठलं तर मिसरन. पलीकडे मशीन शॉपमध्ये शाफ्टला डायल लावून फिरवला आणि काटा हलला तर त्यालाही रनआउटच म्हणतात, तिथे त्याचा अर्थ फिरतं अंग आपला अक्ष सोडून पळतंय. आणि रविवारी मैदानावर पोरगा क्रीझबाहेर सापडला की पुन्हा रनआउट. (त्यांचा 'गेट'ही निराळा आहे, लोखंड साच्यात शिरतं ती वाट. देवनागरीत दोन्ही गेट जुळे दिसतात, त्यांना काही फरक पडत नाही.) एकदा मी त्यांना विचारलं, एका शब्दाला तीन अर्थ, गोंधळ होत नाही? ते म्हणाले, "पळतंय ते हद्दीभाईर गेलं की रनआउट. त्यात काय एवढं, मॅडम?" क्रिकेटमधला आउट खरं तर बाद या अर्थाचा, म्हणजे चुलत घराण्यातला. तरी मिस्त्रींनी जे केलं ते भल्याभल्या क्लासवाल्यांना जमत नाही. त्यांनी मुळाशी असलेलं चित्र पकडलं आणि बाकीचं जागेवर सोडून दिलं. ऑक्सफर्डच्या ६४५ पैकी तीन-चार त्यांच्याकडे आहेत, पण पक्के आहेत.

यादीने गुण मिळतात, हे मी मान्य करते. परीक्षेत रिकामी जागा भरायची असेल तर पाठांतराला पर्याय नाही, आणि पुट अप विथसारख्या काही जोड्यांचं चित्र इतकं झिजलंय की ते शोधण्यापेक्षा पाठ केलेलं बरं. पण यादी पाठ केलेला माणूस पुढे काय करतो? इतके 'अप' पाठ झालेले असतात की जिथे नाही तिथेही चिकटवतो. निभावून नेण्याला इंग्रज नुसतं कोप विथ म्हणतो, आपण देशभर कोप अप विथ म्हणतो. माझ्याकडे नोकरीला येणाऱ्या दर दोन अर्जांतल्या एकात तो 'अप' असतो. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं त्याला पाव शतक झालं, त्या पहिल्या तुकडीची पोरं आता माझ्यासमोर मुलाखतीला बसतात. त्यांना शब्द कमी पडत नाहीत. जोडी समोर आली की ती डोळ्यांपुढे आणायची सवय त्यांना कुणी लावलेली नाही.

सभेनंतरच्या शुक्रवारी लेक तो कागद घेऊन ओट्याशी आली. गेट अवे विथपाशी अडली होती. "निसटणे म्हणजे एस्केप ना? मग 'ही गॉट अवे विथ मर्डर' म्हणजे तो कुठून निसटला?" मी भाकरी थापत होते. तिला म्हटलं, "एखाद्यानं पैसे खाल्ले आणि त्याला काहीच झालं नाही, तर आजी काय म्हणते?" तिनं जरा वेळ घेतला. "पचवले म्हणते." मग स्वतःशीच पुटपुटली, खून पचवला, कॉपी पचवली, उशिरा आली ते पचवलं. तिनं निसटणे खोडलं आणि वर पेन्सिलीनं पचवणे लिहिलं.

शनिवारच्या चाचणीत त्या उत्तरावर लाल फुली आली. शेजारी सरांचा शेरा होता, यादी पाहावी.